नसीमबानोचे पंधरा आकडे

मूर्तिजापूरच्या स्टेशनाबाहेर रसवंतीला लागून निळ्या दाराचं एक दुकान आहे. पाटीवर 'कुर्बान वॉच रिपेअर' असं लिहिलेलं असलं तरी घड्याळ घेऊन तिथं कोणी जात नाही. गल्ल्यावर कुर्बानभाईंची बायको नसीमबानो बसते आणि जुने मोबाइल घेते-विकते.

ती बाळापूरची. वडील सतरंज्या विणायचे आणि ताण्याचे धागे मोजायचं काम लहानपणापासून तिच्याकडे असायचं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण आकडा एकदा डोळ्यांखालून गेला की तो तिच्या डोक्यातून जात नसे. लग्न होऊन मूर्तिजापुरात आल्यावर वीस वर्षं तिनं घर सांभाळलं. मग कुर्बानभाईंचे हात थरथरू लागले. घड्याळातला केसाएवढा स्क्रू त्यांच्या चिमट्यात ठरेना. तोवर लोकही वेळ मोबाइलमध्ये बघायला लागले होते. "घड्याळं गेली तर मोबाइल ठेवू," असं म्हणून २००६ साली ती गल्ल्यावर येऊन बसली.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी एक दिवस इस्त्रीच्या शर्टातला माणूस गाडी पकडायच्या घाईत आला आणि आपला फोन विकून गेला. नसीमबानोनं तो गावातल्या शाळेच्या सूर्यभान गुरुजींना विकला. अठराव्या दिवशी पोलीस थेट गुरुजींच्या शाळेत गेले आणि चौथीच्या वर्गातून, मुलांच्या देखत, त्यांना घेऊन आले. फोन अमरावतीत चोरीला गेलेला होता.

नसीमबानोला हे कळलं तशी ती दुकान उघडंच टाकून ठाण्यावर गेली. "फोन मी विकला. जे विचारायचं ते मले विचारा," म्हणाली. संध्याकाळपर्यंत गुरुजी सुटले. तिला मात्र दुसऱ्या दिवशीही जावं लागलं. तिथल्या एका हवालदारानं तिला फोन उघडून दाखवला. बॅटरी काढली की खाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर पंधरा आकडे असतात, दर फोनचे वेगळे; चोरीचा फोन त्यांवरूनच सापडतो. फोनवर चांदणी (*), जाळी (#), शून्य, सहा, जाळी अशी बटणं दाबली की तेच पंधरा आकडे पडद्यावर यायला हवेत. खोक्यावरही तेच हवेत. या फोनचा पडद्यावरचा नंबर एक होता आणि चिठ्ठीवरचा दुसराच.

"एवढं पाहिलं असतं तर इथं यावं लागलं नसतं, बाई," हवालदार म्हणाला.

त्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही. शेवटी नवऱ्याला बरोबर घेऊन ती गुरुजींच्या घरी गेली आणि दुकानातला सगळ्यात चांगला फोन त्यांच्यापुढे ठेवला. गुरुजींनी आधी तिला पाणी दिलं. मग म्हणाले, "भाभी, एक फायदा झाला. पोरं आता लय घाबरून राहिली मले. वर्गात चिडीचूप असते." तेव्हा कुठे तिला हसू आलं.

त्या दिवसापासून तिच्या दुकानात तीन जागचे आकडे जुळल्याशिवाय एकही फोन आत आला नाही की बाहेर गेला नाही. गिऱ्हाईक वैतागायचं. एकदा दर्यापूरकडचा एक जावई लग्नात मिळालेला भारी फोन विकायला आला. चिठ्ठी आणि पडदा जुळले, खोकं जुळेना. "फोन चोरीचा नाई," नसीमबानो म्हणाली, "पन या खोक्यातला बी नाई. सासऱ्यानं भारी खोक्यात हलका फोन घालून देल्ला तुमाले." जावई जो तणतणत निघाला तो फोन काउंटरवर विसरूनच. अर्ध्या तासानं परत आला आणि तिनं दिलेला चहा पिऊन मुकाट्यानं गेला.

मग २००९ आलं. सोयाबीन शेंगेतच वाळलं होतं, कापसाचं कोणाचंच काही खरं नव्हतं. त्यात दिवाळीच्या सुमारास बातमी आली की ज्या फोनला खरा पंधरा आकडी नंबर नाही ते एक डिसेंबरपासून बंद होणार. खेड्यापाड्यांत तेव्हा चार स्पीकरचे, दोन टॉर्चचे स्वस्त फोन घरोघरी होते. शेतात एक वाजवला की तीन धुरे ओलांडून पलीकडच्या शेतापर्यंत गाणं ऐकू जायचं.

नोव्हेंबरच्या मध्याला उमरीचे खुशालराव दुकानात आले. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. दुकानातलं गिऱ्हाईक गेल्यावर सांगू लागले. दोन वर्षांपूर्वी कापूस घेऊन ते अमरावतीला गेले, तेव्हा गावातल्या लोकांनीच फोन आणायला सांगितले होते. एका हातगाडीवरून त्यांनी बारा फोन आणले आणि आणले त्याच भावात वाटले. आता फोन बंद होणार म्हटल्यावर गाव त्यांच्याच नावानं बोटं मोडत होतं. जो तो म्हणत होता की खुशालनं यात कमाई केली.

"नत्थुजी लहानपनापासूनचा दोस्त. तो बी अंगनात येत नाई आता," खुशालराव म्हणाले. "बाई, तुमी गावात चाला. माझं कोनी ऐकून नाई राहिलं."

नसीमबानोनं नवऱ्याकडे पाहिलं. "जा तू," कुर्बानभाई म्हणाले. "मी बसतो. हात हालते, जबान तर नाई हालत."

दुसऱ्या दिवशी शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेनं ती निघाली. गाडी इतकी सावकाश चालली होती की उमरी येईपर्यंत डब्यातल्या सहा जणांचे फोन तिनं तपासून दिले.

मारुतीच्या पारावर गाव जमलं. नत्थुजी सगळ्यात पुढे, हात मागे बांधून. नसीमबानोनं पहिला फोन मैनाबाईंचा घेतला. त्यांची लेक अपेक्षा नागपूरला नर्सिंगला होती आणि फोन बंद पडला तर पोरीचा आवाज कसा ऐकायचा, याच चिंतेत त्या होत्या. नसीमबानोनं बटणं दाबली, आकडे मोठ्यानं वाचले आणि कोणाला तरी ते फरशीवर खडूनं लिहायला लावले.

दुसरा फोन घेतला. तेच पंधरा आकडे. तिसऱ्याचे तेच. चौथ्याला लोक खडूकडे बघून तिच्याबरोबर म्हणू लागले. सातव्याला तर तिनं बटणं दाबायच्या आत पारावरच्या सगळ्यांनी पाढा म्हणावा तसा नंबर म्हणून दाखवला आणि बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. अकरा फोन, नंबर एकच.

"म्हंजे एकच फोन खुशालनं अकरा जनाले इकला," नत्थुजी म्हणाले. लोक पुन्हा हसले, पण हे हसणं वेगळं होतं. खुशालराव खाली बघत राहिले.

नसीमबानोनं विचारलं, "आनले बारा होते न? बारावा कोनापाशी हाय?"

खुशालरावांनी खिशातून आपला फोन काढला. तिनं तो स्वतः घेतला नाही. नत्थुजींच्या हातात द्यायला लावला. "तुमीच दाबा, भाऊ. चांदणी, जाळी, शून्य, सहा, जाळी."

नत्थुजींनी जाड बोटांनी एकेक बटण दाबलं. पडद्यावर आकडे आले. त्यांनी फरशीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"तोच हाय," ते हळूच म्हणाले.

"ज्याले फसवायचं असते तो सोतासाठी तर चांगला ठेवते," नसीमबानो म्हणाली. "याईनं तुमच्यातलाच एक ठेवला. मी दुकानदार, माझा रोजचा धंदा, तरी मले एकानं फसवलं आन् माझ्यापायी एका मास्तरले पोलिसानं नेलं. मंग याईले कसं समजलं असतं?"

नत्थुजींनी फोन खुशालरावांच्या हातात परत दिला. मग विचारलं, "तुहा बी फोन तसलाच हाय, हे आदी काऊन नाई सांगितलं?"

"तुमी इचारलंच कुठं?" खुशालराव म्हणाले.

अशा फोनमध्ये खरा नंबर टाकून देणारं केंद्र अकोल्याला होतं. दोन दिवसांनी बारा फोन पिशवीत घेऊन खुशालराव, मैनाबाई आणि नसीमबानो अकोल्याला गेले. रांग पार रस्त्यावर आली होती आणि रांगेत सगळे पुरुष. मैनाबाई सरळ खिडकीशी गेल्या. "बायांची रांग कोनती?" खिडकीतल्या माणसानं मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमीच." बायांच्या रांगेत दोघीच. खुशालराव मागे सावलीत बसून शेंगा खात राहिले. तीन वाजेपर्यंत बाराही फोनांना वेगवेगळे नंबर मिळाले. नसीमबानोनं प्रत्येक फोन तिथंच तपासून घेतला. खिडकीतल्या माणसाला वाटलं, ती वरच्या ऑफिसातून तपासणीला आलेली आहे. नंतर तो तिच्याशी फार अदबीनं बोलू लागला.

एक डिसेंबरला सकाळी दुकान उघडलं तोच फोन वाजला. मैनाबाई होत्या. "बाई, चालू हाय जी." ठेवला की दुसरा. मग तिसरा. उमरीतला प्रत्येक माणूस आपला फोन जिवंत आहे का ते बघायला तिलाच फोन लावत होता. एकानं तर खात्री होईना म्हणून दोनदा लावला. गिऱ्हाईकं काउंटरवर खोळंबली आणि कुर्बानभाई हसत हसत त्यांना बसायला स्टूल देत राहिले.

दुपारी पुन्हा वाजला.

"बाई, नत्थू बोलतो. खुशालच्या फोनवरून. माहा चार्ज नाई, काल रातपासून लाईन नाई आमच्या इकडं."

"मंग त्याईच्या फोनले चार्ज कसा?"

"ह्यानं कालच गिरणीवर लावून आनला. याले सगळं आदी सुचते." मागून कपबशीचा आवाज आला. "थांबा, च्या झाला वाटते. मंग लावतो तुमाले."