वाघोलीच्या दारावरची कॅमेऱ्याची बेल

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाघोलीच्या, भाड्याने द्यायच्या आमच्या फ्लॅटला बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप आणि कॅमेऱ्याची बेल बसवली. खर्च मजुरीसह चोवीस हजार सहाशे. हजर तिघे: मी, बायको आणि इलेक्ट्रिशियन. भाडं हजाराने वाढवलं तर पंचवीस महिन्यांत पैसे वसूल, हा माझा हिशेब.

"कसब्यात आपल्या दाराला अजून कडीच आहे," बायको म्हणाली. "भाडेकरूंचे मात्र लाड."

नोव्हेंबरपासून एक कुटुंब राहायला आलं. नवरा-बायको आयटीतले, मुलगी पहिलीत. बेल माझ्या मोबाईलला जोडलेली होती, ती त्यांच्या मोबाईलला जोडून द्यायची होती. पहिल्या आठवड्यात ते राहून गेलं. पुढे मीच राहू दिलं.

कारण दाराशी कोणी आलं की ते माझ्या मोबाईलवर दिसायचं, आणि रोज दुपारी साडेतीनला तो वाजायचा. मुलगी शाळेतून आलेली असायची. बुटाची नाडी न सोडताच बूट ओढून काढायची आणि टाचा उंचावून बेल दाबायची. आमची मुलगी कॅनडात आहे, नऊ वर्षं झाली. तिची शाळा सुटायची तेव्हा मी ऑफिसात असायचो. ती दप्तर घेऊन दारात कशी येत असे, हे मला माहीतच नाही.

जानेवारीअखेर नळ गळतो म्हणून भाडेकरूबाईंचा फोन आला. बोलता बोलता मी विचारलं, "मुलगी बरी आहे ना? दोन दिवस शाळेत गेली नाही."

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

मी खरं ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "ते काढून टाका. नाहीतर आम्ही दुसरं घर बघतो."

बायकोलाही सांगावं लागलं. "शोभतं का हे तुम्हाला?" एवढंच बोलून ती भाजी निवडत राहिली. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, "कशी दिसते हो ती?"

रविवारी इलेक्ट्रिशियनला घेऊन गेलो. दार मुलीनेच उघडलं. माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "तुम्ही कोण?"

"घरमालक," मी म्हणालो. ती आईला बोलवायला आत पळाली.

कुलूप उपयोगाचं आहे, ते ठेवलं. बेल साधी बसवली. इलेक्ट्रिशियनला साडेसहाशे रोख दिले आणि तीन महिन्यांच्या भाडेवाढीचे तीन हजार भाडेकरूबाईंच्या खात्यावर परत केले.