स्पीकरमधली खरखर

नव्वदच्या दशकात माझ्या थोरल्या भावाने मोटरसायकलला कारचा कॅसेट प्लेअर आणि दोन स्पीकर बसवले. तेव्हा मी नदीपलीकडच्या रामनगरच्या शाळेत शिकवत होते आणि दादा मला रोज सकाळी लोखंडी पिंपांवर तरंगणाऱ्या पीपा पुलावरून पोचवायचा.

पहिल्यापासूनच गाण्यामागे खरखर यायची. रेस वाढवली की ती वाढायची, हँडल वळवलं की गाणं मध्येच तुटायचं. दादाने स्पीकर बदलले, अर्थिंगची तार घासून पुन्हा कसली. तरी खरखर गेली नाही, वर प्लेअरचा फ्यूज सारखा उडू लागला. शेवटी त्याने फ्यूजच्या जागी साधी तार गुंडाळली.

"आता नाही उडणार," तो म्हणाला. मला ते बरं वाटलं नाही.

दुसऱ्याच सकाळी पुलाच्या मध्यावर, फळ्यांवरून गाडी धडधडत असताना गाणं थांबलं आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. पुढेमागे सायकली आणि दूधवाले होते, बाजूला व्हायला जागा नव्हती.

"दादा, गाडी बंद कर."

"कनेक्शन ढिलं असेल गं."

"आधी बंद कर."

त्याने चावी काढली, पण टाकीखालून धूर येतच राहिला, कारण प्लेअरची तार थेट बॅटरीवरून घेतली होती. दादाने सीट उचलून ती उघड्या हाताने उपटली. तळहात भाजला.

गाडी ढकलत आम्ही पलीकडच्या वाळूवर उतरलो. तारेशेजारची पेट्रोलची नळी काळी पडली होती. दादाने ती दोन बोटांनी हलकेच दाबली, तशी ती फुटली आणि पेट्रोल वाळूत झिरपू लागलं.