पेटी मागं राहिली

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि त्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. नव्या कचेरीत पुण्याहून एक साहेब बदलून आले होते. त्यांच्या बाईंना विलायती गाणं यायचं, आमच्या कॉलेजात त्या हौसेनं शिकवायच्या. मला त्यांनी एक जर्मन गाणं दिलं, दीडशे वर्षांपूर्वीचं. अर्थ एवढाच, की वसंत आला, बर्फ वितळलं, ओढे भरून वाहायला लागले. इथं आम्ही घागरी मांडून टँकरची वाट बघत बसलो होतो आणि मी ओढ्यांचं गाणं घोकत होते. चीड यायची. पण त्या गाण्यात गळा असा मोकळा व्हायचा, की दुसरं काही नकोच वाटायचं.

मग साहेबांची परत पुण्याला बदली झाली. बाई माझ्या वडिलांना म्हणाल्या, "हिला माझ्याकडं पाठवा. शिकवते मी."

अप्पांचं अडत दुकान. दर सोमवारी देवळातल्या भजनात पेटी वाजवायचे. ते म्हणाले, "गॅदरिंगला लोकांसमोर नीट म्हणू द्या. जमलं तर पाठवतो." ह्या गाण्याला साथ पियानोची, तो गावात कुठून येणार? "पेटी मी वाजवतो की," हेही त्यांनीच ठरवलं.

तिथंच घोडं पेंड खायला लागलं. भजनात गाणारा पुढं, पेटी मागं. ह्या गाण्यात सगळं उलटं. पेटीनं आधी धावत सुटायचं, मी तिला मागून गाठायचं. माझं गाऊन झाल्यावरही पेटीनं एकटीनंच कितीतरी वेळ वाजत राहायचं, आणि खरा वसंत तिथंच होता. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत थांबायचे, मी त्यांच्या बोटांकडं बघत थांबायची.

"अप्पा, तुम्ही आधी."

"हाव गं, कळतंय मला."

पुन्हा तेच. भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

गॅदरिंगला तर त्यांनी कमालच केली. हॉल गप्प, मी गप्प, अप्पा गप्प. शेवटी मीच सुरू केलं. ते मागून ओढत ओढत आले. ओढे कसले वाहतात, गाण्याचं पार भजन झालं. मी थांबले, तसा त्यांनी लगेच भाता मिटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई मान खाली घालून बसल्या होत्या.

घरी येताना अप्पा म्हणाले, "न्हाई जमलं बघ. राहू दे आता पुण्याचं."

गाणं मोडलं त्यांनी, निकालही त्यांनीच दिला. मी दोन दिवस धड जेवले नाही. "हाताची सवय हाय, काय करू," म्हणाले, तेव्हा उलट मलाच त्यांची कीव आली.

बाई पुण्याला निघून गेल्या त्या सकाळी मी टँकरवरून घागर भरून आणली आणि दारातच थांबले. आत पेटी वाजत होती. सुरुवातच धावत. माझ्या आवाजाची जागा बरोबर सोडलेली. आणि मग तो शेवट, सगळाच्या सगळा, कुठंही न अडखळता.

"हे कधी आलं तुम्हाला?" मी विचारलं.

अप्पांनी वर बघितलं नाही. "गॅदरिंगच्या दिवशी बी येत होतं."

"मग?"

"पुणं लई लांब हाय, माय."

मला ओरडायचं होतं. पण डोक्यावरची घागर काठोकाठ भरलेली होती. पाणी सांडू नये म्हणून मी मानसुद्धा हलवली नाही.