शब्बात न पाळणारं पाणी

फोन आला तेव्हा मी मोजे घालत होतो. सॅमसनचा मोठा मुलगा हिब्रूत एवढंच म्हणाला की अब्बा गेले, दफन चार वाजता. एक मोजा पायात, एक हातात, तसाच बसलो. आदल्याच दिवशी बेर्शेबाच्या इस्पितळात त्याच्या खाटेशी तासभर होतो. एक गोष्ट सांगायला गेलो होतो. भाज्यांचे भाव, जावयाची नोकरी, असलंच बोलत राहिलो... उठताना तो म्हणाला, "एवढंच, भावोजी?"

"एवढंच."

सॅमसन माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. इथं इस्रायलात, ओफाकिम गावाजवळच्या लोकरी कापडाच्या फॅक्टरीत आम्ही दोघं धुलाई खात्यात. मी चौथी नापास, पण कापड चिमटीत धरून साबण किती राहिलाय ते सांगायचो. अजून सांगीन. तेव्हा लोकर आटू नये म्हणून क्लोरीन लागायचं, दिवसभर डोळे चुरचुरायचे. मग नव्वद सालानंतर एन्झाईम आलं आणि ते शिकायला सॅमसनला पाठवलं. मला नाही. परत आला तो गात गातच टबाशी उभा राहिला.

"लोकरीच्या धाग्याला माशासारखे खवले असतात, भावोजी. तेच टोचतात, तेच अडकून कापड आटतं. हे पाणी खवले खातं."

"खातं? तोंड कुठाय त्याला?"

"तुम्ही माझ्या ताईच्या हातचं जेवता तसं. आवाज नाही, पण ताट साफ!"

खात्यातले सगळे हसले. मी नाही हसलो. तासभर कोमट पाणी, मग अ‍ॅसिड घालून स्टीम वाढवायची, म्हणजे एन्झाईम मरतं. नाही मारलं तर खवले संपल्यावर ते लोकरच खाऊ लागतं, असं तो दहादा सांगायचा. मला वाटायचं, चार दिवस शाळेत गेला तर मलाच शिकवतोय.

एका शुक्रवारी त्याच्या मुलीला ताप भरला म्हणून लवकर निघाला. जाताना म्हणाला, "दोन वाजता अ‍ॅसिड आणि स्टीम. हे शब्बात पाळत नाही हां, भावोजी." मी विसरलो नाही. हे नीट लिहितो, कारण विसरलो म्हणणं सोपं आहे. दोन वाजले, तेव्हा मी अ‍ॅसिडच्या डब्याकडे बघितलं आणि स्टीम बंद केली. म्हटलं, गार पाण्यात काय जगणार? शनिवारी शब्बातची सुट्टी, कापड रविवारी धुऊ. संध्याकाळी शब्बातचे दिवे लागायच्या आत माझी आंघोळसुद्धा झाली होती.

रविवारी सकाळी कापड उचललं तर ओल्या भाकरीसारखं बोटांत तुटलं. आख्खा टब. मॅनेजर ओरडला, शेवटी इथं कोण होतं? मी तुटलेलं कापड बादलीत गोळा करू लागलो. सॅमसन माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी. विसरलो."

त्याला गोदामात गठ्ठे उचलायला घातलं. गाणं थांबलं. पेन्शनीपर्यंत तिथंच, पाठ धरून. माझी बायको, त्याचीच बहीण, मरेपर्यंत त्याला विसरभोळा म्हणायची. मी समोर बसून जेवायचो. आवाज नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी दोन वाजता त्याचा फोन, आधी गोदामातून, पेन्शनीनंतर घरून. "काय भावोजी, काही सांगायचंय?" मला वाटायचं, डिवचतोय. मी शब्बात शालोम म्हणून फोन आपटायचो.

आता शुक्रवार आला की बारापासून घरात फेऱ्या मारतो. नळ बंद आहेत का बघतो. गॅस बघतो. पुन्हा नळ... हे लिहायला बसलो खरा, पण त्याच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. गेल्या शुक्रवारी दोन वाजता मीच फोन लावला. त्याच्या बायकोनं, रिबकानं उचलला.

"भावोजी ना? दर शुक्रवारी फोन ठेवून ते म्हणायचे, आज पण नाही सांगितलं."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मुलांना?"

"नाही. म्हणाले, ते भावोजींचं काम."

"मोठा आहे घरी? त्याला दे."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. खवल्यांना हिब्रूत काय म्हणतात ते मला येत नाही. म्हणून ते सोडलं, आणि माझ्या मोडक्या हिब्रूत म्हटलं, त्या शुक्रवारी टबाशी मी होतो. आणि मी विसरलो नव्हतो.