दादासाहेबांच्या बागेतली रेल्वे

जन्मभर मी निजाम सरकारच्या सडका मोजल्या. बीडपासून परळीपर्यंत माझ्या साखळीखालून न गेलेलं रान दाखवा म्हणावं! पण आजवर एका तरी माणसानं मला सडकेबद्दल विचारलं असेल तर शपथ. चार माणसं जमली, पानाचा डबा फिरला, की कुणीतरी म्हणतंच, "ओव्हरसियर, ते दादासाहेबांच्या रेल्वेचं काढा की!" एक किस्सा सांगावा तर त्याच्या मागून दुसरा येतो. वर मीच सांगितलेले किस्से गावोगाव फिरून मलाच परत ऐकायला मिळतात, आणि सांगणारा म्हणतो, "तुमाला म्हाईत न्हाई, थांबा, मी सांगतो!" म्हणून एकदा नीट ऐका. रुळांचा प्लॅन मी काढला होता. निदान काढायला मीच बसलो होतो.

* * *

दादासाहेब म्हणजे सिरसाळ्याच्या अलीकडच्या एका गावचे देशमुख. मिशा मोठ्या, पोट मोठं आणि हौस दोन्हीपेक्षा मोठी. एकदा हैदराबादला गेलते. तिथं कुण्या नवाबाच्या बागेत त्यांनी वीतभर रुंदीच्या रुळांवर खरी वाफेची आगगाडी पळताना बघितली. कोळसा खाणारी, पाणी पिणारी, शिटी मारणारी. मागच्या डब्यांवर माणसं घोड्यावर बसल्यासारखी टांग टाकून बसलेली! दादासाहेब गावी आले ते विलायतेला ऑर्डर सोडूनच.

गावाला एवढंच कळलं, की देशमुखांचं इंजिन येणार. परभणीला जाऊन खरी आगगाडी बघून आलेली माणसं गावात होतीच. त्यांनी कारभाऱ्याला सांगितलं, की इंजिन दोन हत्तींएवढं असतंय. कारभारी हुशार! मालक बाहेरगावी असताना त्यानं बागेचं फाटक दगडी खांबांसकट पाडून ठेवलं.

परभणीहून बैलगाडीतून पेटी आली. चार गड्यांनी उचलून ती आरामात बागेत नेली. खोलली तर आत म्हशीच्या रेडकाएवढं इंजिन. हिरवंगार, पितळी घुमटाचं, बघत राहावं असं. माळ्यानं त्याच्याभोवती एक फेरी मारली, पाठीवरून हात फिरवला आणि दादासाहेबांना विचारलं, "पिलू लई झ्याक हाय, मालक. याची माय कवा यायची?"

* * *

मग रेल्वे कमिटी बसली. कमिटीत दादासाहेब, मी, गावचे मुहूर्त काढणारे जोशीबुवा आणि जिनिंग फॅक्टरीतला कासीम मिस्त्री. कासीमनं जिनिंगचं एक इंजिन चालवलेलं, त्यामुळं जगातली सगळी इंजिनं आपल्या मेहुण्या असल्यासारखा तो बोलायचा.

मी दोरी आणि खुंट्या घेऊन बागेत गेलो आणि चुन्याच्या फक्कीनं एक सुरेख गोल आखला. आंब्याच्या मागून, हौदाच्या पुढून. दादासाहेब खूश. जोशीबुवा मात्र बोटं मोजत उभे.

"सगळं खरं, पर इंजिनात अग्नी हाय," ते म्हणाले. "त्याचं तोंड दक्षिणेला व्हायला न्हाई पायजे."

"बुवा, गाडी गोल फिरणार. मग एकदा तरी दक्षिणेला तोंड होणारच ना?"

बुवांनी डोळे मिटून विचार केला. "मग तेवढ्या बाजूला उलटी चालवा. गाडी दक्षिणेला जाईल, तोंड उत्तरेलाच ऱ्हाईल."

मी म्हटलं, "गोल रुळावर? मधेच इंजिन उचलून फिरवायचं का?"

"ते तुमचं शास्त्र," बुवा म्हणाले. "माझं मी सांगितलं!"

शेवटी दक्षिणेला जाताना शिटी मारायची, म्हणजे दोष लागत नाही, असा तोडगा निघाला. त्याची दक्षिणा वेगळी.

* * *

मग दादासाहेबांना घाट पाहिजे झाला. "नवाबाची गाडी सपाटीवर पळती. बालाघाटात राहून सपाटीवरून फिरायला आमी काय नवाब हाव? टेकडी करा!"

मी लेव्हलचं सांगितलं, चढाचं सांगितलं. ऐकतंय कोण! गड्यांनी मातीच्या पाट्या टाकून टाकून आंब्याशेजारी टेकडी उभी केली, तिच्यावरून रूळ नेले. कासीमनं वाफ धरली. पहिल्यांदा जोशीबुवांना बसवलं. बुवा अंगानं काडी. गाडी भकभक करत टेकडी चढून गेली. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग दादासाहेब बसले. गाडी टेकडीच्या पायथ्याशी गेली, चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी सावकाश मागं घरंगळत आली.

आता खरं कारण मालकाला सांगणार कोण? सगळे कासीमकडं बघायला लागले. कासीम घाम पुसत म्हणाला, "हुजूर, इंजन में ताकद बहुत है. मगर वो... वो टेकडी जरा मोटी हो गई."

"मंग तेच म्हणतो मी!" दादासाहेब म्हणाले. "टेकडी कमी करा."

टेकडी अर्धी केली. तरीही ती एका दादासाहेबांपुरतीच झाली. त्यांच्यासोबत दुसरं माणूस बसलं, की इंजिन हटून बसायचं.

* * *

खरी फजिती झाली वळणावर. पूर्ण गोल बसवायचा तर दादासाहेबांच्या बागेत हौदापाशी वळण फार आवळ होत होतं. मी सांगत होतो, की एवढ्या आवळ वळणावर इंजिन टिकणार नाही. इंजिनाची कळ धरून शेजारून पळणारा कासीम म्हणाला, "मेरे हात में है तो टिकेगा!" टिकलं. इंजिन टिकलं. मागचा डबा मात्र रूळ सोडून दादासाहेबांसकट हौदात गेला.

दादासाहेब वर आले, मिशा पिळल्या, पाणी गळत होतं, आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? "ओव्हरसियर, तुमचं वळण चुकलं!"

मी दोरी घेतली, खुंटी रोवली आणि इंजिनाला झेपेल असं वळण फिरवून दाखवलं. दोरी फिरत फिरत निवडुंगाच्या कुंपणाशी आली आणि थांबली. पुढं जायचं तर कुंपणापलीकडं. कुंपणापलीकडं आप्पासाहेब!

आप्पासाहेब म्हणजे दादासाहेबांचे सख्खे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर वाटणी झाली. बाग मधोमध कापली, मध्ये निवडुंग लावला. विहीर नेमकी हद्दीवर. ती काही कापता येईना, म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरल्या. एक दिवस थोरल्याची मोट, एक दिवस धाकट्याची. पुढं पाळीवरूनच कडाकडा भांडले, आणि तेव्हापासून एकमेकांशी शब्द नाही. पाळी मात्र दोघंही देवासारखी पाळायचे. दुसऱ्याच्या पाळीला घोटभर पाणी घ्यायचे नाहीत.

दादासाहेबांनी कुंपणाकडं बघितलं. मला म्हणाले, "गोल झालाच पायजे. देशमुखाची गाडी गेल्या वाटंनं माघारी पाय घेत येती, असं लोकांनी म्हणायला नको." आणि ओलेच आत गेले.

* * *

आता ते दोघं बोलत नव्हते म्हणजे अगदीच बोलत नव्हते असं नाही. मध्ये तिसरा माणूस लागायचा. विहिरीवर दोघं समोरासमोर आले, की मधे जो कुणी सापडेल त्याचं मरण.

एकदा मी सापडलो. दादासाहेब म्हणाले, "त्यांना सांगा, मोटेचा नाडा कुजलाय."

समोर तीन हातांवर आप्पासाहेब. मी त्यांच्याकडं वळून म्हटलं, "नाडा कुजलाय."

आप्पासाहेब म्हणाले, "त्यांना सांगा, मला म्हाईत हाय."

मी वळलो. "त्यांना म्हाईत हाय."

"त्यांना सांगा, म्हाईत हाय तर बदलत कावून न्हाईत?"

एवढ्यात दादासाहेबांना शिंक आली. आप्पासाहेबांच्या तोंडून सवयीनं "शतायुषी" निघून गेलं! मग त्यांच्या लक्षात आलं. तोंड लाल झालं. माझ्याकडं बघून खेकसले, "बघता काय? सांगा त्यांना!"

* * *

तर मला वकील करून आप्पासाहेबांकडं पाठवलं. ते मोटेच्या धावेवर, बैल मोट ओढत चालतात त्या उताराच्या माथ्यावर, बसले होते. तिथून कुंपणावरून आमची रेल्वे सगळी दिसायची हे मला तेव्हाच कळलं.

"हौदात पडले म्हणं," ते म्हणाले.

"पडले."

"लागलं का?"

"नाही."

"मग बरं हाय." पाटाकडं बोट करून म्हणाले, "जमीन देतो. पाटाच्या कडंनं न्या रूळ. पर त्यांना सांगा, इचारायला सोता या."

मी परत आलो. दादासाहेब म्हणाले, "मी थोरला. मी कावून जाऊ?" पुन्हा गेलो. आप्पासाहेब म्हणाले, "मी देणारा. मी कावून जाऊ?" दिवसभर मी त्या बांधावरून येरझाऱ्या घातल्या. सडकेच्या खात्यात एवढं चाललो असतो तर बढती मिळाली असती!

मग मी इंग्रजी आठच्या आकड्याचा प्लॅन काढला, नागमोडी काढला, जिलबीसारखा काढला. जिलबी बघून कासीम म्हणाला, "साब, ये अच्छा है, मगर इसमें गाडी घुसी तो निकलेगी कहाँ से?" दादासाहेब रोज इंजिनाचं पितळ स्वतः पुसायचे आणि कुंपणाकडं बघायचे. खरं सांगतो, मला त्या माणसाची दया यायला लागली. एवढी हौसेची गाडी, आणि अर्ध्या गोलात अडकलेली.

* * *

एका सकाळी माळी ओरडत आला. निवडुंगाच्या कुंपणाला दोन खिंडारं पडली होती. बरोबर गाडी जाईल एवढी रुंद. एक जायच्या जागी, एक यायच्या जागी. माझ्या दोरीनं दाखवलेल्याच जागा!

मी पळत आप्पासाहेबांकडं गेलो. "आप्पासाहेब, हे कुंपण?"

"शेरडांनी खाल्लं."

"शेरडं निवडुंग खातात?"

"आमची खात्यात."

"आणि विळ्यानं कापल्यासारखं सरळ खातात?"

"जा बे आता!" ते म्हणाले. त्यांच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली होती.

दादासाहेबांना सांगितलं. ते स्वतः जाऊन खिंडारं बघून आले. मग म्हणाले, "शेरडांनीच खाल्लं म्हणतोय ना? मंग मला इचारायची गरज न्हाई. टाका रूळ."

रूळ टाकताना आप्पासाहेब आमच्याशी काही बोलले नाहीत. फक्त दिवसभर उन्हात उभे राहून गड्यांवर ओरडत होते, "ठोका बे नीट! उद्या माझ्या जमिनीत त्यांचा पाय मोडला, तर गाव मला बोलंल!"

* * *

आणि आता उद्घाटन.

जोशीबुवांनी मुहूर्त काढला. बाग माणसांनी भरली. तहसीलदारसाहेब खुर्चीवर. आम्ही दिशा पाहिली, वळण पाहिलं, चढ पाहिला. फक्त एक गोष्ट कमिटीतल्या एकाही शहाण्यानं पाहिली नाही. त्या दिवशी विहिरीची पाळी आप्पासाहेबांची होती!

आदल्या दिवशी भरून ठेवलेला हौद पाहुण्यांच्या स्वयंपाकाला संपला. इंजिनाच्या टाकीत जेमतेम तळ झाकेल एवढं पाणी. कासीम म्हणाला, "हुजूर, कुएँ से दो घागर पानी..."

"आज पाळी आपली न्हाई," दादासाहेब म्हणाले. विषय संपला.

टेकडीला दुसऱ्याचं वजन नको म्हणून दादासाहेब एकटेच बसले, इंजिनही स्वतःच हाकायचं म्हणून. शिटी मारली. गाडी आंब्यामागून गेली, टेकडी चढली, दक्षिणेला तोंड करून पुन्हा शिटी मारली आणि कुंपणाच्या खिंडारातून पलीकडं गेली. मग भकभक थांबली.

मी आणि कासीम धावत खिंडाराशी गेलो. गाडी आप्पासाहेबांच्या पाटाकाठी उभी. बॉयलरच्या काचेच्या नळीत पाणी तळाला आलेलं, टाकी कोरडी, आत जाळ तसाच. शेजारी हातभर अंतरावर पाट खळखळत वाहतोय, आणि दादासाहेब हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून डब्यावर बसलेले! "साब, बॉयलर फटेगा!" कासीम कुजबुजला.

आप्पासाहेब धावेवरून उतरले. दादासाहेबांसमोर येऊन उभे राहिले. इकडंतिकडं बघितलं. मग खिंडाराकडं बघून ओरडले, "ओव्हरसियर! त्यांना सांगा..."

मी कुंपणाआड खाली बसलो. कासीमलाही मानगूट धरून खाली बसवला.

"ओव्हरसियर!"

मी आणखी खाली वाकलो. मोटेचं पाणी तेवढं वाजत होतं.

"दादा," आप्पासाहेब म्हणाले, "पाणी पायजे का?"

"पाळी तुझी हाय."

"म्हणून तर इचारतोय."

दादासाहेबांनी काचेच्या नळीकडं बघितलं, पाटाकडं बघितलं. मग म्हणाले, "पायजे."

आप्पासाहेबांनी पाटातून घागर भरली, टाकीत ओतली. आणखी एक ओतली. दादासाहेबांनी टाकीतलं पाणी बॉयलरात ढकलायचा हातपंप हाणला. नळीत पाणी चढलं. आप्पासाहेब रिकामी घागर धरून उभेच.

"बस," दादासाहेब म्हणाले.

दुसऱ्या खिंडारातून गाडी बाहेर आली तेव्हा डब्यावर दोघं होते. पुढं थोरले, मागं धाकटे, मांडीवर घागर. लोक उठून उभे राहिले. तहसीलदारसाहेबांपाशी काही गाडी थांबली नाही. दादासाहेबांनी दुसरी फेरी धरली. आंब्याशेजारी टेकडी आली. चाकं गरगरली. गाडी पायथ्याशी अडून बसली.

"आप्पा, उतर."

"कावून? मी न्हाई उतरत. पाणी माझं हाय."

"गाडी माझी हाय!"

"मग अर्धी गाडी माझ्या जमिनीतनं फिरती, ती?"

"ती शेरडांनी दिलीया. तू न्हाई!"

"आन् वजन कुणाचं जास्ती हाय? दहा गावांत इचारा! तुमी उतरा!"

आवाज चढत गेले. तहसीलदारसाहेबांनी घड्याळ बघितलं. जोशीबुवा बोटं मोजायला लागले. कासीम माझ्या कानाला लागला, "साब, मैं जाके बोलूँ क्या, दोनों में से कोई एक उतरो?"

"खबरदार!" मी म्हटलं. "हलायचं न्हाई जागचं. लई वर्सांनी भांडतायत."