समोरच्या खुर्चीतले शांतिलालभाऊ

महाविद्यालयात भूगोल शिकवायला मी रिसोडला आले, त्याच वर्षी माझे यजमान मला क्लबात घेऊन गेले. ब्रिजच्या टेबलावर चौथा भिडू आला नव्हता. बाईमाणसाला बसवावे की नाही, यावर कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात कापडाचे दुकान बंद करून आलेले शांतिलालभाऊ म्हणाले, "ताई, बसा माझ्यासमोर." ती आमची पहिली ओळख. पुढे कितीतरी वर्षे ते माझे जोडीदार होते.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी 'एक बदाम' अशी बोली दिली. प्रतिस्पर्ध्याने मध्येच 'एक इस्पिक' म्हटले. माझ्याकडे बदामाची तीन पाने होती, पण हात बेताचा. मी पास म्हणाले आणि बोली इस्पिकवाल्यांनी नेली. भाऊ रागावले नाहीत. चहा पिताना म्हणाले, "जोडीदारानं बदाम म्हटले, मधात कोनी घुसलं, अन् तुमच्यापाशी तीन बदाम. मंग चूप कायले राह्यता? दोन बदाम म्हना. त्याले समजू द्या, आपल्या मागं कोनी आहे."

काही वर्षांनी यजमान अचानक गेले. तेरावे झाल्यावर मालेगावहून आलेल्या दिरांनी ठरवूनच टाकले, की मी नोकरी सोडून गावी यावे. मी कशीबशी म्हणाले, "मला शिकवायचंय." लगेच दोघे-तिघे एकदम बोलू लागले. कोपऱ्यात बसलेले भाऊ उभे राहिले. "ताईनं सांगतलं ना आता. इथं रिसोडले आमी आहोत." ते एवढेच बोलले. मी रिसोडलाच राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरून वहिनींचा डबा येऊ लागला, तो मी हात जोडून नको म्हणेपर्यंत येत होता.

गुडघ्यांमुळे भाऊ हल्ली नागपूरला मुलाकडे असतात. क्लबात आता माझ्यासमोर एक तरुण वकील बसतात. खेळतात उत्तम. तरीही मध्ये कोणी बोली घातली, की माझे कान त्या घोगऱ्या आवाजाची वाट पाहतात. परवा फोनवर विचारले, "भाऊ, करमतं का तिकडे?" ते म्हणाले, "पोरं लय जीव लावतात, ताई. पन पत्ते घेऊन समोर कोनी बसत नाही."

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या भाऊंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे लवकर बरे होवोत, आणि दिवाळीआधी एकदा तरी ते रिसोडच्या एसटीत बसोत. मी स्टँडवर घ्यायला येईन.