जाड बुडाचा ग्लास

कढईत आटणाऱ्या दुधाचा वास आला की मला ती शिकवणी आठवते. मिल बंद पडून वडील घरी बसले होते, मी आमच्या घराण्यातला पहिला बीएस्सी, आणि घर चालत होतं ते कढईतलं दूध आणि समोसे विकणाऱ्या एका शेठजींच्या मुलीला त्यांच्याच दुकानात बसून दहावीचं गणित शिकवण्यावर. दंडगोल काही तिच्या डोक्यात शिरेना, म्हणून एका संध्याकाळी मी दुकानातला पाव लिटरचा म्हणून चालणारा काचेचा ग्लासच तिच्या हातात दिला. "बाहेरून नाही, आतून माप," म्हटलं. तिने पट्टी घातली, आकडेमोड केली आणि भरल्या दुकानात ओरडली, "पापा, ये पाव लीटर का है ही नहीं! नीचे तो काँच ही काँच है!" सगळी गिऱ्हाइकं आपापले ग्लास उचलून बुडं बघू लागली. शिकवणी गेलीच असं समजून मी चपला शोधू लागलो. शेठजींनी झारा खाली ठेवला आणि मला कोपऱ्यात नेलं. "सरजी, पढ़ाते तो आप बढ़िया हो," ते हळूच म्हणाले, "पर भिया, कल से त्रिकोण लो. समोसे में अपन पूरा माल भरते हैं." शिकवणी टिकली. आजही त्या दुकानात गेलो की मी समोसाच खातो.